नाशिकहून पुरिमसाठी सिनेगॉगला जावे, की सण घरीच करावा?

प्रश्न: गोदाकाठची सून

सर्व वडीलधाऱ्यांना आणि मित्रमैत्रिणींना शालोम.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे यहुदी, असून गेली सहा वर्षे नाशिक रोडला राहतो. सासूबाई मूळच्या अलिबाग तालुक्यातल्या आणि माझे माहेर ठाण्याचे. त्यामुळे आम्हा दोघींचेही लहानपण सिनेगॉगच्या, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिराच्या, अंगणात गेले. नाशिकमध्ये मात्र सिनेगॉग नाही आणि आमच्या ओळखीत आपल्या समाजाची आमच्यासह तीनच घरे आहेत. शुक्रवारचा किद्दुश (द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद) आम्ही घरी नियमाने करतो, त्यासाठी काळ्या मनुकांचे सरबत सासूबाई स्वतः करतात, आणि रोश हशाना (नववर्ष) व योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) या दिवसांना रजा काढून ठाण्याला जातो. पुरिमचे तसे होत नाही. शाळेच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात, ऑफिसात मार्चअखेरची धावपळ असते, आणि पुरिमला कामधंदा बंद ठेवण्याचा नियम नसल्यामुळे हा सण दरवर्षी आपोआप मागे पडतो. पुरणपोळी करायची, एस्तेर राणीने हामानच्या कटातून यहुद्यांना कसे वाचवले ही गोष्ट मराठी शास्त्रातून मुलांना वाचून दाखवायची, एवढ्यावर आम्ही तो उरकत आलो आहोत.

२०२५ साली पुरिम आणि धुलिवंदन दोन्ही १४ मार्चलाच आले. खाली इमारतीतली मुले रंग खेळत होती, शेजारच्या घरांतून पुरणपोळीची ताटे येत होती आणि आमच्याकडूनही जात होती. तेव्हा माझ्या थोरल्या मुलाने, तो त्या वेळी आठ वर्षांचा होता, मला विचारले, “आई, पुरिम म्हणजे आपली होळीच ना?” मी त्याला एस्तेर राणीची गोष्ट पुन्हा सांगितली, पण माझे मलाच जाणवले की त्याने पुरिम कधी पाहिलेलाच नाही. वाचनात हामानचे नाव येताच सगळे सिनेगॉग कसे दणाणून उठते, हे त्याला ठाऊक नाही, आणि जे ऐकलेच नाही ते सांगून कसे कळणार?

पुढचा पुरिम मंगळवारी, २३ मार्च २०२७ रोजी आहे, म्हणजे सोमवारी संध्याकाळी सुरू होईल. त्या वेळी ठाण्याला किंवा पुण्याला जावे असे मला मनापासून वाटते. सासूबाईंचे वय बहात्तर असून त्या पुरिमच्या आदल्या दिवसाचा एस्तेरचा उपास सोडायला तयार नसतात, ही पहिली अडचण. शिवाय नाशिकच्या आमच्या शेजाऱ्यांनी सहा वर्षे आम्हाला प्रत्येक सणात आपलेसे केले आहे. त्यांना सोडून आनंदाचा सण दुसऱ्या गावी करावा का, हाही प्रश्न मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: ठाणेकर आजोबा

ताई, शालोम अलेखेम. आधी मुलाच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण तो मला फार मोलाचा वाटला.

त्याला सांगा की त्याच्या खापरपणज्यांनीही पुरिमला “होळीचा सण” असेच म्हटले होते. कोकणात शनिवार तेली (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या पूर्वजांनी सणांची नावे मराठीतच ठेवली होती. रोश हशाना हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास, तिशा बआव, हा बिरड्याचा रोजा. ज्या पौर्णिमेच्या सुमारास गावात होळी पेटते त्याच सुमारास पुरिम येतो, म्हणून त्याचे नाव होळीचा सण पडले. आपली आणि हिंदू पंचांगाची कालगणना दोन्ही चंद्राच्या महिन्यांनी चालतात आणि दोन्हींत अधिक महिन्याची सोय आहे. आपल्याकडे एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा येतो. पुरिम अदारच्या चौदाव्या दिवशी असतो, म्हणजे फाल्गुन शुद्ध चतुर्दशी-पौर्णिमेच्या आसपास. दोन्ही पंचांगांतले अधिक महिने जुळले नाहीत की हे दोन सण एकमेकांपासून महिनाभर लांब जातात. २०२१ साली पुरिम २६ फेब्रुवारीला झाला आणि होळी २८ मार्चला. तेव्हा मुलाला म्हणावे की नाव एक होते, पोळी एक आहे, चंद्रही एकच आहे. सण मात्र वेगळा आहे, आणि तो कसा वेगळा आहे हे आपण सिनेगॉगला जाऊन ऐकणार आहोत.

मेगिलाच्या, म्हणजे पुरिमला वाचल्या जाणाऱ्या एस्तेरच्या ग्रंथाच्या, पहिल्याच वचनात अहश्वेरोश राजाचे राज्य “होदू”पासून कूशपर्यंतच्या एकशे सत्तावीस प्रांतांवर होते असे म्हटले आहे. होदू म्हणजे आपला हिंदुस्थान. संपूर्ण इब्री शास्त्रात आपल्या देशाचे नाव केवळ एस्तेरच्या ग्रंथातच येते, एकदा पहिल्या अध्यायात आणि एकदा आठव्यात. वाचन सुरू झाले की अगदी आरंभीच हा शब्द येईल, तेव्हा त्याने कान देऊन ऐकावे. मी लहान असताना माझ्या वडिलांनी त्या शब्दाच्या वेळी माझा खांदा दाबला होता. त्यानंतर साठ-पासष्ट पुरिम होऊन गेले, तरी तो शब्द आला की खांद्यावर त्यांचा हात आहे असे वाटते.

आता जावे की न जावे याविषयी. पुरिमला चार गोष्टी कराव्या लागतात: मेगिला रात्री आणि पुन्हा दिवसा ऐकणे, निदान दोन गरजूंना दान देणे, निदान एका स्नेह्याला खाण्याचे दोन जिन्नस पाठवणे, आणि दिवसा मेजवानी करणे. दान घ्यायला कोणीतरी लागते, ताट पाठवायला शेजार लागतो, मेजवानीला माणसे लागतात, आणि मेगिलाविषयी तर विद्वानांनी “लोकसमुदाय मोठा असण्यात राजाची शोभा” हे नीतिसूत्रांतले वचन पुढे ठेवले आहे. यरुशलेमच्या मंदिरात सेवा करणारे कोहेनसुद्धा (याजक) मेगिला ऐकण्यासाठी आपली सेवा थांबवून येत, असे तलमूद या धर्मग्रंथात सांगितले आहे.

तुमची अडचण नवी नाही, हे कळावे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. मिश्ना या जुन्या नियमग्रंथाच्या मेगिला या भागाची सुरुवातच दूर राहणाऱ्या लोकांच्या सोयीने होते. खेड्यातले लोक सोमवारी आणि गुरुवारी बाजारासाठी व न्यायनिवाड्यासाठी मोठ्या गावात येत. चौदावा दिवस मधल्या वारी आला तर त्यांना दोन खेपा पडू नयेत म्हणून मेगिला आधीच्या बाजाराच्या दिवशी वाचण्याची मुभा दिलेली होती. आज ती मुभा चालत नाही, वाचन ठरलेल्या दिवशीच होते. पण हे वाचताना मला नेहमी वाटते की, “तुम्ही लांब राहता, तर घरीच बसा,” असे त्या विद्वानांना सहज म्हणता आले असते. ते तसे म्हणाले नाहीत. त्यांनी तारीख अलीकडे आणली, पण खेडुतांना सर्वांबरोबर बसवले. निफाडच्या बाजाराला बैलगाडीने येणारी माणसे तुमच्याकडच्या वृद्धांनी पाहिली असतील. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

व्यवहाराचे बोलायचे तर पुरिमला प्रवासाची, वाहनाची किंवा स्वयंपाकाची बंदी नाही, ही मोठी सोय आहे. सिम्हात तोरासारख्या, प्रवासाला बंदी असलेल्या सणासाठी निघायचे असते तर सण लागण्याआधी पोहोचून सण संपेपर्यंत मुक्काम करावा लागला असता. सोमवारी, २२ मार्चला, एस्तेरचा उपास आहे. तो पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंतचा असतो आणि योम किप्पूरइतका कडक नाही. आजारी, अशक्त आणि ज्यांना त्रास होईल अशा वृद्धांनी तो धरू नये, हा शास्त्राचाच नियम आहे. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्याऐवजी हझानांकडून (सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांकडून) फोनवर सांगवा, म्हणजे त्यांच्या मनाला लागणार नाही. दुपारी बाराच्या आत नाशिक सोडले तर कसारा घाटात थोडा खोळंबा झाला तरी संध्याकाळपर्यंत ठाण्यात पोहोचता येते. रात्रीचे वाचन ऐकून माहेरी मुक्काम करा, सकाळचे वाचन ऐका आणि लगेच निघा. दुपारी तीनपर्यंत नाशिकला पोहोचलात तर सूर्यास्तापूर्वी मेजवानी तुमच्या घरी, तुमच्या शेजाऱ्यांसह होऊ शकते. म्हणजे तुम्हाला कोणाला सोडावे लागणार नाही.

ठाण्याचे शाआर हशामाइम सिनेगॉग १८७९ सालचे आहे आणि तुम्ही तिथेच वाढलेल्या, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो की हल्ली सर्वच सिनेगॉगांत सुरक्षेची व्यवस्था कडक असते, त्यामुळे किती माणसे येणार हे आधी कळवावे आणि प्रत्येकाने ओळखपत्र बरोबर ठेवावे.

उत्तर: रास्ता पेठेतली मावशी

आजोबांच्या ज्ञानापुढे बोलण्याचा माझा अधिकार नाही, तरीही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते.

बहात्तर वर्षांच्या बाईंना उपासाच्या दिवशी दीडशे किलोमीटर नेणे, रात्री उशिरा झोपवणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढून परत आणणे हे कागदावर सोपे दिसते. मी माझ्या आईला असेच एका सणाला नेले होते आणि पुढचा आठवडाभर त्या थकव्यातून ती उठली नाही. सासूबाईंची प्रकृती खरोखर चांगली असेल तरच न्यावे. नसेल तर मेगिला नाशिकला आणण्याचा विचार करावा. मेगिला ऐकण्यासाठी मिन्यान, म्हणजे दहा पुरुषांचा जमाव, असणे उत्तम, पण तेवढे जमले नाहीत म्हणून वाचन अडत नाही. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी आणि ती शुद्ध वाचू शकणारा माणूस, एवढे असले की तीन घरांच्या बैठकीतही वाचन होते, आणि स्त्रियांवरही ते ऐकण्याचे बंधन पुरुषांइतकेच आहे. आमच्यातले एक तरुण गृहस्थ काही वर्षांपूर्वी असेच एका गावी जाऊन वाचून आले होते. सोळा माणसे जमली होती आणि त्यातली निम्मी मुलेच होती. मात्र फोनवरून किंवा संगणकावरून वाचन ऐकून कर्तव्य पूर्ण होते असे बहुतेक धर्मपंडित मानत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

पुण्याला यायचे ठरले तर आमच्याकडे अवश्य उतरा. बाहेरगावचे लोक लाल देऊळ पाहायला येतात, आणि डेव्हिड ससून यांनी बांधवलेले १८६७ सालचे ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहेही भव्य. पण आपल्या बेने इस्राएल समाजाचे सुक्कथ शेलोमो हे रास्ता पेठेतले सिनेगॉग लहान आणि घरासारखे आहे, आणि पहिल्यांदाच मेगिला ऐकणाऱ्या मुलांना अशा लहान जागेत अधिक गोडी लागते, असा माझा अनुभव आहे. नाशिकहून संगमनेर, नारायणगाव या रस्त्याने अंतर ठाण्यापेक्षा बरेच जास्त पडते, हे मात्र खरे.

आता मेजवानीविषयी, कारण शेजाऱ्यांना बोलवायचे म्हणता. मांस आणि दुधाचे पदार्थ आपण एकत्र खात नाही, त्यामुळे जेवणात मटण असेल तर पुरणपोळीवर तूप चालणार नाही, आणि पाहुण्याने प्रेमाने वाढायला घेतले तर ऐन वेळी नको म्हणणे अवघड जाते. म्हणून आमच्या घरी पोळी तेलावर भाजतात आणि तिच्याबरोबर नारळाचे दूध गूळ व वेलदोडा घालून देतात. सगळे जेवण शाकाहारी ठेवलेत तर हा प्रश्न उरणारच नाही आणि शेजाऱ्यांपैकी कोणी मांस खात नसेल तर त्यांनाही मोकळेपणाने जेवता येईल. नाशिक द्राक्षांचे गाव असले तरी तिथल्या कारखान्यांतली वाइन आपण किद्दुशला वापरत नाही, कारण कोशेर (धर्मनियमांप्रमाणे चालणाऱ्या) वाइनसाठी द्राक्षे पिळण्यापासून ती बाटलीत भरेपर्यंतचे काम यहुदी हातांनी व्हावे लागते. पण मनुका तिथल्याच. सासूबाईंचे सरबत त्या दिवशी मोठ्या पातेल्यात करा आणि शेजारच्या मुलांनाही द्या. आमच्याकडे मुले त्याचीच वाट पाहत असतात.

ताटांचे काम मुलांवर सोपवावे. दोन वेगळे, लगेच खाता येतील असे जिन्नस हवेत, म्हणजे एक करंजी आणि एक केळे असले तरी पुरते. तुमच्या ओळखीतल्या उरलेल्या दोन घरी मुलांनी ती दिवसाउजेडी स्वतः नेऊन द्यावीत, फोन करून “आम्ही पाठवतोय” असे सांगू नये. दार उघडल्यावर समोरच्याचा चेहरा मुलाने पाहायला हवा.

उत्तर: कॉलेज रोडचा वाचक

मी यहुदी नाही. नाशिकचा आहे आणि मुंबईतल्या एका सहकाऱ्याच्या आमंत्रणावरून एकदा पुरिमच्या रात्री तिथल्या सिनेगॉगमध्ये गेलो होतो, म्हणून शेजाऱ्यांच्या बाजूने चार ओळी लिहितो.

माझे नाव आधी कळवलेले होते, दारावर ओळखपत्र पाहिले आणि डोक्यावर ठेवायला टोपी दिली. मुलांच्या हातात खुळखुळे होते आणि हामानचे नाव आले की पाय आपटणे, बाक बडवणे असा प्रचंड गलका होई. तो पाहण्याची माझी तयारी होती. ज्याची नव्हती ते म्हणजे मधली शांतता. गलका थांबला की क्षणार्धात सर्व लोक पुन्हा एका शब्दाकडे कान लावून बसत, सहा-सात वर्षांची मुलेसुद्धा, कारण प्रत्येक शब्द ऐकला गेला पाहिजे असे मला शेजारच्या गृहस्थांनी हळूच सांगितले. हामानच्या दहा मुलांची नावे वाचणाऱ्याने एका दमात घेतली तेव्हा माझाही श्वास रोखला गेला होता. ताई, तुमच्या शेजाऱ्यांना मेजवानीला अवश्य बोलवा. शक्य असेल आणि सिनेगॉगची हरकत नसेल तर एखाद्या कुटुंबाला बरोबरही न्या. सहा वर्षे पुरणपोळीची देवाणघेवाण करणाऱ्या माणसांना तुमच्या ताटामागची गोष्ट कळावी, असे त्यांनाही वाटत असेल.

गोदाकाठची सून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवली. “होळीचा सण” हे नाव ऐकताच त्या म्हणाल्या की त्यांची आजी हेच म्हणायची, आणि हे त्यांनी आजवर आम्हाला सांगितले नव्हते, कारण हसतील असे त्यांना वाटले होते. मुलगा तासभर त्यांच्याजवळ बसून जुनी नावे विचारत होता.

मावशींची काळजी योग्य आहे, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सासूबाईंचे ठरवू. त्यांना जमण्यासारखे नसेल तर मी मुलांना घेऊन ठाण्याला जाईन आणि त्यांच्यासाठी सकाळचे वाचन नाशिकला करता येईल का, हे ठाण्यात विचारीन. आमच्या ओळखीतल्या दोन्ही घरांशीही बोलले. त्यातल्या एका घरातले काका आणि काकू अकरा वर्षांत पुरिमला सिनेगॉगला गेलेले नाहीत; ते आमच्याबरोबर येतो म्हणाले आहेत, त्यामुळे गाडी मोठी करावी लागेल. मेजवानी मंगळवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे, पूर्ण शाकाहारी, आणि आमच्या मजल्यावरच्या तिन्ही शेजाऱ्यांना आमंत्रण देऊन झाले आहे.

एकच शंका राहिली. मुलांनी पत्र्याच्या डब्यांत हरभरे भरून स्वतः खुळखुळे करायला घेतले आहेत. ते सिनेगॉगमध्ये चालतील का?

ठाणेकर आजोबा

अवश्य चालतील. झाकणे मात्र चिकटपट्टीने घट्ट बंद करा, कारण हरभरे सांडले तर काळोखात वृद्धांचे पाय घसरतात. मुलांना घरीच सवय करा की हझानांनी हात वर केला की खुळखुळा लगेच थांबायचा, म्हणजे पुढचा शब्द कोणाचाही चुकणार नाही. काका-काकूंची नावे तुमच्याबरोबरच कळवा. आणि थोरल्याला वाचनाच्या वेळी माझ्या बाजूला बसवा. “होदू” हा शब्द आला की त्याला कळेल असे मी करीन.